समतोल सरांचा हात

शाळेत पाठीमागे त्यांना सगळे समतोल सर म्हणायचे. हे नाव कोणी ठेवलं ते कधी कळलं नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. मुख्याध्यापक सरांना काहीही विचारा, ते दोन्ही तळहात तराजूच्या पारड्यांसारखे समोर धरायचे, किंचित वरखाली करायचे आणि म्हणायचे, "तुमचं अगदी बरोबर आहे. पण समतोल साधला पाहिजे." खिडकी उघडू की बंद ठेवू, असं शिपायानं विचारलं तरी पारडी वर यायची. मग खिडकी अर्धी उघडी राहायची. वारा यायचा नाही, धूळ मात्र यायची.

भाषेच्या बाई त्यांच्याच शाळेत शिकवायच्या आणि त्यांच्याच घरात राहायच्या, कारण त्या त्यांची बायको होत्या. नवऱ्याला नुसतं घरी पाहणाऱ्या बायकांची एक सोय असते. बाहेर तो कोणीतरी मोठा असेल, असं त्या धरून चालू शकतात. बाईंना ती सोय नव्हती. शिक्षणाधिकारी आले की नवऱ्याचं हसू किती रुंद होतं आणि पालकांचा घोळका आला की ते किती केविलवाणं होतं, हे त्या दिवसाढवळ्या पाहायच्या आणि संध्याकाळी त्याच तोंडासमोर जेवायला बसायच्या. त्यांना नवऱ्याचा तिटकारा होता. कोणाला बोलल्या नव्हत्या, पण मनाशी कबूल करायला आता जड जात नव्हतं.

तिटकारा पहिल्यापासूनचा असता तर एक वेळ चाललं असतं. तसं नव्हतं, आणि तेच दुखणं होतं.

सर तरुण होते तेव्हा शाळेवर घुबडाचं राज्य होतं. घुबड म्हणजे आधीचे मुख्याध्यापक. ते ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत, नुसते बघायचे. त्यांनी बघितलं की मुलांच्या ओठांवर आलेलं उत्तर घशात परत जायचं, आणि शिक्षकांचंही. त्या काळी मधल्या सुट्टीत मोठ्या वर्गातली मुलं सगळं मैदान अडवायची आणि लहान मुलं भिंतीला चिकटून डबे खायची. एका शुक्रवारी शेवटच्या तासाला तरुण सरांनी सगळ्यांना लांब खोलीत जमवलं. लांब खोली शाळेच्या मागच्या अंगाला होती. दोन्ही बाजूंना खिडक्या, खाली लाकडी फळ्यांची जमीन, ना व्यासपीठ ना खुर्च्या. सगळे जमिनीवर बसले, शिक्षकसुद्धा. एका मुलीला अध्यक्ष केलं आणि मैदान वाटून घ्यायचं का, यावर मत घ्यायचं ठरलं. एवढ्यात घुबड दारात येऊन उभं राहिलं. अध्यक्ष मुलगी म्हणाली, "हो म्हणणाऱ्यांनी हात वर करा," आणि एकही हात वर होईना.

नुकत्याच नोकरीला लागलेल्या भाषेच्या बाई मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचाही हात मांडीखालून निघत नव्हता. तेव्हा तरुण सर उठले. "सगळ्यांनी डोळे मिटा," ते म्हणाले. "खोलीत असेल त्यानं मिटायचे. एकटी अध्यक्ष उघडे ठेवेल आणि मोजेल." मग ते दाराकडे वळले आणि आवाज जराही न चढवता म्हणाले, "सर, आपणही खोलीत आहात."

आणि घुबडानं डोळे मिटले. बाईंनी ते बोटांच्या फटीतून पाहिलं. ज्याच्या नजरेनं शाळा चळचळा कापायची तो माणूस लपंडावात राज्य आलेल्या पोरासारखा दारात डोळे मिटून उभा, आणि त्याच्यासमोर हातच हात.

मैदान वाटलं गेलं. संध्याकाळी फाटकापाशी तरुण सरांनी बाईंना गाठलं.

"तुम्ही डोळे उघडे ठेवले होते. तुमचं मत बाद."

"तुम्हाला कसं कळलं? म्हणजे तुमचेही उघडेच होते!"

"मग माझंही बाद," ते म्हणाले आणि मोकळेपणानं हसले.

लग्न करायचं तर याच्याशीच, हे बाईंनी घरी पोचायच्या आत ठरवून टाकलं.

शुक्रवारची सभा तेव्हापासून रुजली. तिचे नियम कुठे लिहिलेले नव्हते. प्रत्येक अध्यक्ष पुढच्या अध्यक्षाला ते तोंडी शिकवायचा. मत डोळे मिटूनच द्यायचं. जो डोळे उघडे ठेवेल त्याचं मत बाद. कोणी कुठे हात केला ते अध्यक्षानं मेलं तरी सांगायचं नाही. आणि मुख्याध्यापकापासून शिपायापर्यंत प्रत्येकाला एकच मत.

पुढे तेच सर मुख्याध्यापक झाले आणि बिघडले. खुर्चीनं बिघडवलं, असं जुने शिक्षक म्हणायचे. बाईंना ते पटायचं नाही. खुर्ची बिचारी लाकडाची होती, तिनं काय करायचं.

एकदा सकाळी एक ट्रकचालक बाप कार्यालयात येऊन बसला. "सर, पोरगं सभेत धीटपणानं बोलतं, मला बरं वाटतं. पण उद्या याला काम कोण देणार? त्याच्या हाताला काहीतरी येऊ द्या." प्रश्न खरा होता. बाई तिथेच पेपर तपासत होत्या आणि त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. बाप दिवसरात्र गाडी हाकतो, त्यानं पोराच्या पोटाची काळजी करायची नाही तर कोणी करायची? सर म्हणाले, "तुमचं अगदी बरोबर आहे." दुपारी इतिहासाचे निवृत्त शिक्षक काठी टेकत आले. "सभेला हात लावू नका. मुलांनी स्वतःचं मत बनवायला शिकायची दुसरी जागा या गावात नाही." सर म्हणाले, "तुमचंही अगदी बरोबर आहे." दोघं खूश होऊन गेले आणि दोघांचंही काम झालं नाही. हाताला काही यावं म्हणून कोणी कारागीर नेमला गेला नाही, आणि सभा मात्र दर शुक्रवारऐवजी एकाआड एक शुक्रवारी भरू लागली. समतोल साधला गेला.

बाईंच्या मस्तकात तिडीक जायची ती यामुळे. मुलांना पोटापाण्याचं शिकवणं हेच शाळेचं काम, असं हा माणूस छाती ठोकून म्हणाला असता, तरी त्यांनी त्याला मान दिला असता आणि कडाकडा भांडल्या असत्या. वाटेल ते होवो, सभा मोडू देणार नाही, असं म्हणाला असता, तर त्याच्याबरोबर त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं असतं. पण हा दोघांची मनं राखायचा आणि शेवटी ज्याच्या खुर्चीला हात आहेत त्याच्याकडे झुकायचा. झुकल्यावर पुन्हा स्वतःलाच शाबासकी द्यायचा.

सभेचे विषयही आटत गेले. एकदा तर विषय होता, पडदे पिवळे घ्यायचे की फिकट पिवळे. मुलांनी फिकट पिवळे निवडले. लागले पिवळेच, कारण ते आधीच आणून ठेवले होते.

अशात शहराबाहेर मालाची मोठमोठी गोदामं चालवणाऱ्या एका कंपनीनं शाळा दत्तक घ्यायची तयारी दाखवली. शाळेला नवं छप्पर आणि नवी बाकं मिळणार, पगार कंपनी करणार. बदल्यात कंपनीला लांब खोली आणि शुक्रवार हवा होता. खोलीत टेबलं आणि सरकता पट्टा बसवून मुलांना माल निवडायचा आणि खोक्यात भरायचा सराव द्यायचा होता. हे सांगून झाल्यावर सर जेवता जेवता सहज म्हणाले, "कंपनीचे साहेब म्हणत होते, अनुभवी माणूस आम्हाला निवृत्तीनंतरही लागेल." ते इतकं सहज म्हणाले की बाईंना सगळं कळलं. घोडं इथे पेंड खात होतं.

"आणि सभा?" बाईंनी विचारलं.

"तेच तर सांगतोय. मुलांना काम मिळेल, हा झाला आर्थिक भाग." डावं पारडं वर आलं. "आणि खोली द्यायची की नाही हे सभाच ठरवेल, साहेबांच्या समोर. हा झाला लोकशाहीचा भाग." उजवं पारडं वर आलं. "साहेबांच्या वरच्या लोकांना मुलांच्या सहभागाचे फोटो हवेच आहेत."

"म्हणजे सभेनं मत देऊन सभा बंद करायची."

"तू प्रत्येक गोष्ट उलटी धरून का बघतेस गं?"

"सरळ धरली की तुम्ही दिसता."

सर दुखावले. दुखावल्यावर ते भात अर्धा ठेवायचे, तसा ठेवला.

मग आठवडाभर रोज सकाळी मैदानावर तालीम झाली. कवायतीचे सर गरजायचे, "खोली द्यायची? हात वर!" आणि सगळी शाळा कोपरं ताठ करून हात वर करायची. सर व्हरांड्यात उभे राहून मान डोलवायचे. तालमीत डोळे मिटायचं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कवायतीत डोळे कोण मिटतं? ज्या नियमानं या माणसाला एके काळी माणूस केलं होतं, तोच नियम तो साफ विसरून गेला होता. बाईंच्या लक्षात होता. त्यांनी आठवण करून दिली नाही.

त्यांना एक बघायचं होतं. इतकी वर्षं संसार ओढताना त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्यात एक वेडी आशा तग धरून होती. तो फाटकापाशी हसणारा तरुण गेलेला नाही, भिऊन आत दडून बसलाय. कोणी बघत नसेल तेव्हा तो बाहेर येईल. शुक्रवारी डोळे मिटले जातील, तेव्हा त्याचा हात कुठे जातो ते कळेल. तो हात 'नको'च्या बाजूनं वर आला, तर बाकी सगळं माफ करायची त्यांची तयारी होती. भित्र्या माणसाबरोबर राहता येतं. आत कोणीच नसलेल्या माणसाबरोबर कसं राहायचं, हे त्यांना माहीत नव्हतं.

शुक्रवारी साहेब आले, बरोबर फोटोवाला. लांब खोलीत साहेबांसाठी हाताची खुर्ची मांडली होती. सर शेजारी एका बुटक्या स्टुलावर बसले, म्हणजे मुलांबरोबर जमिनीवरही नाही आणि साहेबांच्या बरोबरीनंही नाही. अध्यक्ष होती बेकरीवाल्याची मुलगी. नाकावर घसरणारा चष्मा आणि आवाज खणखणीत. तिनं विषय सांगितला आणि कोणाला बोलायचंय का, असं विचारलं.

ट्रकचालकाचा मुलगा उठला. "मला काम शिकायचंय," तो म्हणाला. "घरीही तेच म्हणतात. पण त्यासाठी हीच खोली कशाला? मागची शेड रिकामी पडलीय. पट्टा तिथे बसवा, आणि शुक्रवारी एक तास सभेला ठेवा. दोन्ही होईल की."

खोलीत कुजबुज झाली. साहेबांनी मान कलती करून सरांकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या समतोलाचा जप केला तो एका पोरानं आयता हातात आणून ठेवला होता, आणि समतोल सर स्टुलावरून अर्धवट उठत म्हणाले, "छान, छान. पण वेळ कमी आहे. आपण मतांकडे वळू या."

बेकरीवाल्याच्या मुलीनं चष्मा वर सरकवला. "दार लावा," ती म्हणाली. "सगळ्यांनी डोळे मिटा. खोलीत असेल त्यानं मिटायचे." मग ती हाताच्या खुर्चीकडे वळली. "साहेब, आपणही खोलीत आहात." ते वाक्यही नियमांबरोबर तोंडोतोंडी चालत आलं होतं. कोणासाठी कोण पहिल्यांदा म्हणालं होतं, ते तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

सर दचकले. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण साहेबांना गंमत वाटली होती. त्यांनी हसत डोळे मिटले. फोटोवाल्यानंही मिटले. मग सरांचा निरुपाय झाला.

बाईंनी बोटांच्या फटीतून नवऱ्याकडे पाहिलं. छातीत धडधडत होतं, आणि या वयात या माणसासाठी धडधडावं याचा त्यांना रागही आला.

"खोली द्यावी म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

कवायतीच्या सरांचा हात ताडकन वर गेला. आणखी थोडे इकडेतिकडे गेले. आणि मग हळूहळू, कानाच्या उंचीपर्यंत, समतोल सरांचा. संपलं, बाईंना वाटलं. निदान काहीतरी एक ठरवलं तरी.

"हात खाली. आता नको म्हणणाऱ्यांनी वर करा."

खोलीभर हात वर झाले. भिंतीपासून भिंतीपर्यंत, लहानांचे, मोठ्यांचे, शिपायाचा. आणि त्यांच्यामध्ये, पुन्हा हळूहळू, पुन्हा नेमका कानाच्या उंचीपर्यंत, समतोल सरांचा.

बाई बघतच राहिल्या. कोणाला खूश करायला? साहेबांचे डोळे मिटलेले होते. पालक घरी होते. मिटलेल्या पापण्यांआड हा माणूस अगदी एकटा होता, आणि तिथेसुद्धा त्यानं दोन्हीकडे हात केला होता. आत कोणी दडून बसलं नव्हतं. बाईंना रडू आलं नाही. शिसारी आली.

"डोळे उघडा," अध्यक्ष म्हणाली. "खोली द्यायला सभेनं नकार दिलाय. मतं मोजली ती बरोबर आहेत. दोन बाद आहेत. एकानं डोळे उघडे ठेवले होते. आणि एकानं दोन्हीकडे हात वर केला." कोणाचं नाव ती बोलली नाही. चष्म्याच्या काचांतून तिनं कोणाकडे पाहिलंही नाही. बाईंचे कान तापले. सरांचे तर लालबुंद झाले.

साहेबांचं हसू मावळलं. ते पाहताच सर उठून उभे राहिले. "मुलांनो, प्रश्न नीट समजला नाही तुम्हाला. पुन्हा घेऊ. आणि या वेळी डोळे उघडे ठेवू, म्हणजे मोजायला सोपं जाईल."

"सर, उघड्या डोळ्यांचं मत धरत नाहीत," अध्यक्ष म्हणाली.

"आज धरू. खोली द्यायची? हात वर!"

साहेब एकेक ओळ बघत गेले. जिथे जिथे नजर पोचली तिथे तिथे हात वर झाले, कोपरं ताठ, तालमीत झाले होते तसेच. ट्रकचालकाच्या मुलाचा झाला. शिपायाचा झाला. नजर शिक्षकांच्या ओळीकडे आली तेव्हा भाषेच्या बाईंचा हातही मांडीवरून उठला. अर्धाच उठला होता, पण तो पूर्ण मोजला गेला. नवऱ्याचा तिटकारा करणाऱ्या बाईंना त्या दिवशी स्वतःलाही त्यातून वगळता आलं नाही. बेकरीवाल्याची मुलगी तेवढी हात खाली सोडून उभी राहिली.

फोटोवाल्यानं फोटो काढले. साहेब उठता उठता सरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शिस्तीची मुलं आहेत. आम्हाला अशीच हवीत." सरांनी ते घरी दोनदा सांगितलं.

लांब खोलीत टेबलं आली, पट्टा आला. मालाऐवजी रिकामी खोकी होती. मुलं ती पट्ट्यावर सोडायची, दुसऱ्या टोकाला उतरवायची आणि पुन्हा पहिल्या टोकाला नेऊन ठेवायची. हाताला काही आलं म्हणावं तर खोकं सोडून काही आलं नाही. ट्रकचालक एकदा येऊन पाहून गेला. सरांच्या गळ्यात कंपनीचा बिल्ला आला. घरीही तो काढायला ते विसरायचे.

पुढे कंपनीनं आणखी बऱ्याच शाळा घेतल्या. त्या सगळ्या शाळांच्या मुख्याध्यापकांना एक दिवस साहेबांनी मुख्य कचेरीत बैठकीला बोलावलं. सर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. संध्याकाळी परततो म्हणाले होते, ते भर दुपारी आले. शनिवारची सकाळची शाळा आटोपून बाई नुकत्याच आल्या होत्या. सरांनी बूट काढले आणि दाराशीच ठेवलेल्या बाकावर बसून राहिले.

"लवकर आलात?"

"बैठक लवकर आटोपली." त्यांनी गळ्याला हात लावला. बिल्ला नव्हता. "साहेबांनी एक ठराव मांडला. सगळ्या शाळांवर मिळून एकच प्रमुख नेमायचा, कंपनीचा. मुख्याध्यापकांची पदं रद्द."

"मग?"

"मग ते म्हणाले, मंजूर असेल त्यांनी हात वर करा. आणि एकेकाकडे बघत गेले."

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"सगळ्यांचे वर गेले," सर म्हणाले. मग दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा त्यांनी आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला. "माझाही गेला. कशासाठी वर करतोय ते कळायच्या आधीच गेला."

हे ऐकून आपल्याला आनंद होईल असं बाईंना एरवी वाटलं असतं. झाला नाही. कीव येईल असंही वाटलं असतं. तीही आली नाही. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, तो त्या जाऊन घट्ट पिळून आल्या.

"नको कोण म्हणतं, असं त्यांनी विचारलंच नाही," सर कुरकुरले. "विचारलं असतं तर..."

"तर तोही वर केला असतात."

सरांनी दोन्ही तळहात समोर धरले, पण त्यात ठेवायला त्यांना काही सुचलं नाही. "त्यांच्या नजरेपुढे कोण काय करणार," ते म्हणाले. "कोणीतरी उठून डोळे मिटायला सांगायला हवं होतं."

"तुम्हीही खोलीत होतात," बाई म्हणाल्या.